तोच प्रोग्रॅम, वेळ मात्र दर वेळी वेगळा

प्रश्न : एकच सॉर्टिंगचा प्रोग्रॅम, डेटाही तोच. सकाळी ४.२ सेकंद लागले, संध्याकाळी ५.१. प्रोजेक्टच्या अहवालात कोणता आकडा लिहू? (विद्यार्थिनी, सिडको)

उत्तर : आधी हे बघा, की मोजलेला वेळ नक्की कुणाचा? नाशिकरोडहून सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) यायला किती वेळ लागेल, ते द्वारका चौकात किती अडकलात यावर ठरतं. बस तीच, चालकही तोच. प्रोसेसरपुढेही अशीच रांग असते आणि कुणाला कधी सोडायचं ते शेड्युलर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा वाहतूक पोलीस, ठरवतो.

लिनक्सवर ‘टाइम’ लावून प्रोग्रॅम चालवला की तीन ओळी येतात : रिअल, युजर, सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. युजर आणि सिस मिळून प्रोग्रॅम प्रत्यक्ष प्रोसेसरवर होता तेवढा वेळ. प्रोग्रॅम एकाच थ्रेडचा (एका वेळी एकच काम करणारा) असून रिअल बराच जास्त दिसला, तर उरलेला वेळ थांबण्यात गेला. कशासाठी थांबला, हे हवं असेल तर शेलमधला (आपण कमांड टाइप करतो त्या खिडकीतला) टाइम सोडा. जीएनयूचा टाइम हा वेगळा प्रोग्रॅम ‘व्ही’ पर्यायासह चालवा. त्यात कॉन्टेक्स्ट स्विच (प्रोसेसरवर एकाच्या जागी दुसरा येणं) दोन प्रकारांत मोजलेले असतात : प्रोग्रॅमने स्वतःहून जागा सोडली ते (डिस्कची वाट बघताना वगैरे) आणि शेड्युलरने त्याला जबरदस्तीने जागेवरून हटवलं ते. दुसरा आकडा फुगलेला असेल तर मागे काहीतरी चालू आहे. माझा पहिला संशय नेहमी ब्राउझरवर.

युजरचा आकडाही अगदी सोवळ्यातला समजू नका. प्रोग्रॅम दुसऱ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या दुसऱ्या गणकावर) हलवला गेला, की तिथल्या एल-१, एल-२ कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, त्याचा डेटा नसतो. तो पुन्हा भरेपर्यंतचं ताटकळणं युजरमध्येच धरलं जातं. तेव्हा एकच आकडा लिहू नका. वीसेक वेळा चालवा. सगळ्यात कमी वेळ आणि मधला वेळ (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), दोन्ही द्या.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर आमचं गणिती टूल कधी झरझर चालतं, कधी रखडतं. टास्कसेट या लिनक्सच्या कमांडने एका कोअरला बांधलं तर? (अंबड एमआयडीसी)

उत्तर : इंटेलच्या २०२१ मधल्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर असतात, दमदार आणि काटकसरी. तुमचं टूल काटकसरी कोअरवर पडत असावं. बांधा, पण दमदार कोअर बघून. टूल अनेक थ्रेडचं असेल तर एकाच कोअरवर ते थ्रेड आपसातच भांडतील. तेव्हा चार-सहा कोअर द्या. आणि टास्कसेट तुमच्या प्रोग्रॅमला तिथे धरून ठेवतो, इतरांना तिथून हाकलत नाही. त्यासाठी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होतानाच कोअर वेगळे काढता येतात.

प्रश्न : कर्नल अपडेट केल्यावर सर्व्हरचे जुने निकाल जुळेनात. (पंचवटी)

उत्तर : लिनक्स कर्नल ६.६ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर आलात का? २००७ पासून चालत आलेला सीएफएस शेड्युलर २०२३ मध्ये ६.६ पासून बदलला, त्याच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा शेड्युलर आला. थ्रेड कोअरपेक्षा जास्त असतील तर फरक दिसू शकतो. जुना कर्नल परत बूट करून त्याच मशीनवर मोजा.

आणि एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉपवर मोजत असाल, तर दोन आवृत्त्या आलटूनपालटून चालवा. आधी ‘अ’च्या सगळ्या फेऱ्या आणि मग ‘ब’च्या असं केलंत, की तापलेल्या प्रोसेसरचा मंदपणा बिचाऱ्या ‘ब’च्या माथी बसतो. त्यात शेड्युलरचा काही दोष नाही.