कौलावरचं साल आणि विहिरीचं पाणी

प्रश्न : दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला आमचं चिऱ्याचं घर आहे. मागे समुद्रापर्यंत माड-पोफळीची वाडी. घरात आता एकट्या काकू राहतात. चुलतभाऊ म्हणतात, इथे कोणी थोर पुरुष जन्मला नाही, सरकारची पाटी नाही, मग वारसा कसला? पाडून बंगला बांधू, रहाटाची विहीर बुजवून गाड्यांना जागा करू आणि पर्यटकांना खोल्या देऊ. कौलांवर तर १८६५ साल आहे! दीडशे वर्षांहून जुन्या घराला वारसा म्हणता येत नाही का? सोबत फोटो पाठवले आहेत.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी थोडा हिरमोड करतो. कौलावरचं १८६५ हे तुमच्या घराचं साल नव्हे. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. पुढे कित्येक वर्षं ते कौलांवर उमटत राहिलं. कोकणात दर दुसरा घरमालक मला ते कौल अभिमानाने दाखवतो आणि दर वेळी मला हेच सांगावं लागतं. चहा मिळतो, पण जरा थंडपणे.

पण घर कौलांहून जुनं असू शकतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत माजघराच्या भिंतीत, आत्ताच्या वाशांच्या खाली, वाशांच्या जुन्या खोबणी बुजवलेल्या दिसतात. म्हणजे छप्पर एकदा उचललेलं आहे. मंगलोरी कौलं येण्याआधी तिथे नळीची गावठी कौलं असतील किंवा घर केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेलं असेल. जोत्याचे चिरे बघा : टाकीचे तिरके, वेडेवाकडे घाव. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या सरळ रेघा येतात. खिडक्यांना लोखंडी नव्हे, लाकडी गज आहेत. नक्की साल हवं असेल तर काकूंच्या पेटीतले मोडी कागद आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा जुना उतारा काढा.

आता चुलतभावांचा मुद्दा. कायद्यापुरतं ते बरोबर बोलतात. वास्तू शंभर वर्षांची झाली म्हणून आपोआप संरक्षित होत नाही; केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली सरकारने ती तशी जाहीर करावी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची यादी आणि श्रेण्या आहेत, तुमच्या वाडीपर्यंत तसलं काही पोचलेलं नाही. थोर पुरुषाचं म्हणाल, तर टिळकांचं रत्नागिरीतलं घर लोक टिळकांसाठी बघायला जातात. तिथे जाऊन ओटी-पडवीची रचना न्याहाळणारा माणूस मला क्वचितच भेटला. थोर माणूस नसलेल्या घराकडे निदान घर म्हणून तरी बघता येतं.

आणि तुमच्या घरात बघण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तीच विहीर, जी बुजवायची आहे.

किनाऱ्यालगतच्या पुळणीत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण खारं जड असतं. हा गोड्या पाण्याचा थर पातळ. रहाट काय करायचा? रेडा गोल फिरणार, माळेतली गाडगी वरवरचं पाणी सावकाश उपसणार, डोणीत ओतणार. तिथून पाटाने पोफळींच्या आळ्यांत. पाट मातीचे, त्यामुळे झाडांनी पिऊन उरलेलं पुन्हा जमिनीत. न्हाणीचं पाणी केळी-अळवाला. त्याच विहिरीवर मोठा पंप बसवून भराभर उपसा केला, की गोडा थर खचतो आणि खालचं खारं वर चढतं. पाणी मचूळ होतं, मग माड रोडावतात. दहा खोल्यांच्या पर्यटकांना आंघोळीचं पाणी कुठून देणार, हे चुलतभावांना एकदा विचारा. टँकर म्हणाले, तर किती रुपयांचा तेही विचारा.

वाडीचंही तसंच. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ आणि केळ. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून केळ आधी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्या भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. तुमच्याही काही पोफळी त्यानंतरच्या दिसतात. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, तरी कुणीतरी, बहुधा काकूंनीच, त्या पुन्हा त्याच ओळींत लावल्या. नुसतं घर ठेवून वाडी मोडली, तर मागीलदाराला इतकं रुंद दार कशाला आणि मागच्या पडवीत कोयत्यांच्या एवढ्या खुंट्या कशाला, हे तुमच्या नातवंडांना कळणार नाही. मी मोजमाप घेताना घराच्या आधी विहिरीपासून सुरुवात करतो ती यासाठी.

घर मोडकळीला आलंय, हे मात्र मान्य. फोटोत जोत्यालगतचे चिरे भुगा होऊन गळताहेत आणि दर्जांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, करडं सिमेंट दिसतंय. हा गुन्हा मीही केलाय, आमच्याच घरात, नवशिका असताना. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण पाणी पितोच. चुन्याच्या दर्जेतून ते पाणी बाहेर पडतं. सिमेंटने मी ती वाट बंद केली, तेव्हा ओल चिऱ्यातूनच वर चढली आणि पाच-सहा पावसाळ्यांत चिरे पोखरले. वडील काही बोलले नाहीत. गळलेला भुगा तेवढा रोज सकाळी ओटीवरून झाडायचे.

तेव्हा सिमेंट हळूच, छिन्नीने काढा (यंत्राने नको, चिऱ्याच्या कडा जातात) आणि दर्जा चुन्याने भरा. मेलेला चिरा तेवढाच बदला. ऑस्ट्रेलियात बरा नावाच्या गावी १९७९ मध्ये जतनाची एक सनद ठरली. तिचं मला पटलेलं सूत्र असं, की गरजेपुरता बदल करा, पण कमीत कमी करा. संडास-न्हाणीघर हवंच. ते गोठ्याच्या जागी बांधा, गोठा तसाही पडलाय. दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या तर माळा आहे. झोपाळ्याच्या कड्या बदलू नका.

शिवाय घर सामाईक आहे. सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय ते पाडता येणार नाही, आणि तुम्हीही हिस्सेदार आहात. भांडू नका, पण सही करायची घाई करू नका.

एक काम मात्र या मे महिन्यात करा. पाचव्या फोटोत पडवीच्या कोपऱ्यात, जळणाच्या ढिगात, दाते असलेलं एक गोल लाकूड दिसतंय. ते रहाटाचं चाक आहे. पावसाळ्यात चुलीत जायच्या आत ते बाजूला काढा आणि त्याची माळ कुठे ठेवली, ते काकूंना विचारा.