चिंटू उडी मारत नाही, पाय ओढतो

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे दीड वर्षाचा मार्मोसेट, म्हणजे ते छोटंसं परदेशी माकड, आहे, मिस्टरांच्या मित्राकडून आलाय, आम्ही चिंटू म्हणतो. गेले तीन आठवडे तो उड्याच मारत नाहीये, जाळी हातांनी धरून वर सरकतो आणि मागचे पाय नुसते ओढतो. परवा मुलीनं उचलला तर केवढ्यानं किंचाळला! खाणं व्यवस्थित आहे, केळं, द्राक्षं, बेबी फूड, मारी बिस्कीट. पिंजरा हॉलच्या बंद काचेच्या खिडकीलाच लावलाय, दुपारपर्यंत छान ऊन येतं. शेजारचे म्हणतात लकवा असेल. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला लकव्यापेक्षा हाडं मऊ पडल्याची शंका जास्त येतेय. आज-उद्याच एक्स-रे आणि रक्तातलं कॅल्शियम करून घ्या, थांबू नका. तोपर्यंत त्याला हातात घेऊ नका, न्यायचा असेल तर टॉवेलमध्ये अलगद, कारण अशा हाडांना नुसत्या दाबानंही फ्रॅक्चर होतं. अंगाला थरथर किंवा झटके आले तर रात्र असली तरी निघा.

आता ऊन. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण उन्हातल्या ज्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे कातडीत हाडांना लागणारं डी-३ जीवनसत्त्व तयार होतं ते साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे चिंटू दिवसभर उन्हात बसूनही उपाशीच! हा प्राणी मूळचा ईशान्य ब्राझीलचा, विषुववृत्ताजवळचा, बारा महिने उन्हातला. त्याची डी-३ची गरज आपल्यापेक्षा बरीच जास्त असते आणि काही औषधांत त्याच जीवनसत्त्वाचं जे डी-२ रूप असतं ते त्याच्या फारसं कामाला येत नाही. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जाळीचा पिंजरा गॅलरीत, मध्ये काच नाही, अर्ध्या भागावर सावली, म्हणजे नको वाटलं तर तो सरकेल. जमत नसेल तर यूव्हीबी ट्यूब लावा, फक्त ती पेटत राहिली तरी तिचे किरण काही महिन्यांत उतरतात, वर्षाच्या आत बदलायची. आणि प्लीज, घरातले लहान मुलांचे डी-३ ड्रॉप्स अंदाजानं देऊ नका, पावशेर-दीडपावाचा जीव आहे तो, जास्त झालं तर किडन्या जातात.

खाण्याचं म्हणाल तर केळं-द्राक्षं म्हणजे नुसती साखर, कॅल्शियम नावाला. जंगलात हे खालच्या दातांनी झाडाची साल कोरतात आणि पाझरणारा डिंक चाटतात, तेच त्यांचं मुख्य खाणं आणि कॅल्शियमही त्यातच. आपल्याकडे बाभळीचा डिंक मिळतो की! लाडवासाठी तळतो तसा नाही, कच्चाच, पाण्यात भिजवून फांदीला भोकं पाडून त्यात भरा. पहिल्यांदा आमच्या एका पेशंटला असा दिला तेव्हा दहा मिनिटं तो त्या भोकात तोंड घालून बसला होता, वर बघायला तयार नाही. जोडीला उकडलेलं अंडं, कॅल्शियम पावडर लावलेले किडे, आणि बिस्किटं आजपासून बंद.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, घरात कुणाच्या ओठावर पुटकुळ्या उठल्या असतील, ताप येऊन गेल्यावर येतात ना तशा, तर त्या माणसानं चिंटूच्या जवळपासही जायचं नाही. आपल्याला आठवडाभराची कटकट असते, पण त्या पुटकुळ्या आणणारा हर्पिस विषाणू मार्मोसेटचा काही दिवसांत जीव घेतो. पापे घेणं, आपल्या ताटातलं उष्टं भरवणं कायमचं सोडा.

प्रश्न : हा एकटा कंटाळतो म्हणून जोडीला दुसरा आणू का? – त्याच वाचक

उत्तर : एकटा नको हे अगदी खरं, हे कुटुंबात राहणारे, बहुतेकदा जुळी होतात आणि पिल्लं पाठीवर घेऊन बाप फिरतो. पण आत्ता नको. अनोळखी दोन एका पिंजऱ्यात टाकलेत तर रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि चिंटूच्या हाडांची ही अवस्था. शिवाय बाजारात येणारे कितीतरी बॅगेत कोंबून चोरून आणलेले असतात, तुम्ही एक घेतलात की त्यांची पुढची खेप ठरली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे, २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, सरकारच्या ‘परिवेश’ या वेबसाइटवरून नोंद करायची. चिंटूची झालीय का मित्राला विचारा. नसेल तर वनखात्याकडे जाऊन खरं ते सांगा, घाबरून त्याला कुठे सोडून देऊ नका, पाय ओढणारा तो जीव बाहेर एक रात्र काढणार नाही. आधी एक्स-रे, मग डिंक आणि ऊन, आणि तो परत उडी मारायला लागला की जोडीचं बोलू.