फाल्कन मिळालं, आता आधी कुठं उतरायचं?

मित्रा, फायनल फँटसी ६ या व्हिडिओ गेममध्ये तुला फाल्कन हे उडतं जहाज मिळालंय, पण पार्टीत सेलेस, एडगर आणि सेट्झर एवढेच. केफ्का या खलनायकाच्या मनोऱ्यावर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, थेट जाऊ का, असं विचारतोयस. त्यात डेथगेझ हा राक्षस उडता उडता आडवा आला आणि पहिल्याच वारात तुझे दोघं गार.

थेट जाता येतं. तिथं तीन तुकड्या लागतात आणि तुकडीत एक माणूस असला तरी चालतं. पण अर्धा गेम मागे राहील. गेमच्या पहिल्या अर्ध्या भागातलं जहाज, ब्लॅकजॅक, कथा नेईल तिकडं न्यायचं. फाल्कन मिळाल्यावर मात्र कुणी काही सांगत नाही. आपल्याकडे गणपतीत आरतीला घरोघरी फिरतात, तसं गावोगाव उतरायचं आणि पांगलेली माणसं गोळा करायची.

सुरुवात मॅरांडा गावापासून कर, फाल्कन मिळाल्यावर दिसतो त्या पक्ष्याच्या मागोमाग. तिथं लोला नावाची मुलगी प्रियकराची पत्रं जपून बसलीय. तो कधीच मेलाय, पत्रं दुसराच कुणी लिहितोय. तिचं उत्तर कबुतराबरोबर पाठव आणि झोझो गावाला जा. गंजलेलं दार अडवेल, त्यासाठी गावातल्या विक्रेत्याकडून १००० गिलला (गेममधले पैसे) गंज काढायचं औषध घे. डोंगरावर कोण भेटतं ते सांगत नाही, मजा जाईल.

मोब्लिझ गावाला दोन खेपा होतात, पहिल्या खेपेला तुझी जुनी साथीदार टेरा येत नाही म्हणून वैतागू नको. नार्श गावात मॉग या साथीदाराला घेतलास की तो उभा होता तिथली मागची भिंत तपास. मिळेल तो ताईत त्याच्या गळ्यात घातलास की पायी चालताना शत्रू आडवे येत नाहीत. लोक ही भिंत हमखास विसरतात.

आता डेथगेझ. तो नकाशावर न दिसता फिरत असतो, तुझं जहाज त्याच्यावर गेलं की लढाई लागते. सुरुवातच 'लेव्हल ५ डेथ'ने करतो, म्हणजे ज्याची लेव्हल ५ने भागली जाते तो जागीच आडवा. तुझ्या त्या दोघांची लेव्हल बघ, २५ किंवा ३० निघेल. एखादी लढाई करून २६ किंवा ३१ कर, मग उड. त्याचा एचपी (जीव) ५५,५५५, पण घाबरू नको: तो मध्येच पळतो आणि झालेली जखम भरून निघत नाही. पुढच्या भेटीत उरलेल्यावरूनच सुरुवात. आग आणि होली (पवित्र) जादू त्याला झोंबतात. शोधायचा तर एकाच दिशेनं सरळ उडत राहा, नकाशा फिरून पुन्हा तिथंच येतो. मेला की बहामुत हा मदतीला बोलावता येणारा प्राणी मिळतो, त्याच्याकडून फ्लेअर ही जादू शिकता येते.

डेथगेझच्या प्रत्येक भेटीनंतर खाली उतरून सेव्ह कर. पावसाळ्यात आपल्या कोकणात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि सेव्ह नसेल तर त्याचा घटवलेला एचपीही पुन्हा होता तेवढाच.