पुरस्काराची बातमी शिळी होण्याआधी सिनेमा लावा

वाचकांचे प्रश्न : सिनेमा

या महिन्यात राष्ट्रीय पुरस्कार आणि गल्ला या दोन विषयांवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो.

प्रश्न : काका, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा थिएटरात आठवडाभरही टिकत नाही आणि जो कोटींनी कमावतो त्याला परीक्षक विचारत नाहीत. मग बरोबर कोण, प्रेक्षक की परीक्षक?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : या दोघांचं वैर आहे, हे आधी डोक्यातून काढून टाक. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरवही झाला. तुकाराम झालेल्या पागनीसांच्या अभंगांनी रडलेला इथला प्रेक्षक आणि इटलीत बसलेले परीक्षक, दोघांचाही कौल एकाच सिनेमाला पडला. ‘श्वास’ला आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, तो ऑस्करसाठी भारताकडून गेला, आणि त्याच्या प्रचाराच्या खर्चासाठी मराठी माणसांनी खिशातून वर्गणी दिली. पुरस्काराच्या सिनेमाशी आपल्याला देणंघेणं नसतं, तर ही वर्गणी जमली नसती.

गाडी अडते ती तारखांपाशी. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सिनेमा त्या वर्षात सेन्सॉर झालेला असावा लागतो. प्रदर्शित झालेलाच असावा, अशी अट नाही. त्यामुळे काय होतं बघ. मकरंद माने यांच्या ‘रिंगण’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार २०१६च्या मार्चमध्ये जाहीर झाला आणि सिनेमा थिएटरात लागला २०१७च्या जून महिन्याच्या अखेरीस. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, जाहीर झालं २०१७च्या एप्रिलमध्ये, तो पडद्यावर आला ऑक्टोबरमध्ये. ज्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर नाव असतं, त्या दिवशी तिकीट काढायला जावं तर खिडकीवर तो सिनेमाच नसतो. आणि जेव्हा लागतो, तेव्हा पोस्टरवरची कमळाची खूण बघून लोक विचारतात, ‘हा कधीचा?’

याच्या उलट चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २४ मार्च २०१५ला सुवर्णकमळ जाहीर झालं आणि १७ एप्रिलला सिनेमा थिएटरात. बातमी गरम होती. ज्याला एरवी कुणी ‘फेस्टिव्हलचा सिनेमा’ म्हणून बाजूला ठेवलं असतं, तो बघायला माझ्याबरोबर माझे पत्ते खेळणारे मित्र आले. त्यातल्या एकाला तो आवडला नाही, दुसरा घरी जाईपर्यंत त्यातल्या खटला भरलेल्या लोकशाहीर नारायण कांबळेबद्दल बोलत होता. दोघांनी तिकीट काढून मत बनवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी अडचण वेळांची. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइम, म्हणजे गर्दीच्या वेळचा खेळ, सक्तीचा केला. पण शेवटी त्याची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ठरली. बुधवारी दुपारी साडेबाराला कोण मोकळं असतं? नोकरदार कामावर, मुलं कॉलेजात, आणि घरची बाई स्वयंपाकघरात. अशा खेळाला सात माणसं आली की व्यवस्थापक सिनेमा उतरवतो आणि आपण म्हणतो, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. माझं म्हणणं असं, की संध्याकाळी सहाचा आणि रात्री नऊचा खेळ मिळून निदान एक शनिवार-रविवार गेल्याशिवाय कुठल्याही सिनेमाला ‘पडला’ म्हणू नये.

प्रश्न : शंभर कोटींचा सिनेमा म्हणजे निर्मात्याला शंभर कोटी मिळाले का? आमच्या घरी यावरून वाद झाला.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, त्याच्या निम्मेही नाहीत. सरळ हिशेब करू. तुम्ही मल्टिप्लेक्समध्ये दोनशे रुपयांचं तिकीट काढलंत. शंभरच्या वरच्या तिकिटाला अठरा टक्के जीएसटी. तो वजा केला की साधारण १६९ रुपये ५० पैसे उरतात. याला नेट म्हणतात. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं, दोनेक महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत. त्यातून जे सूत्र निघालं, त्यात पहिल्या आठवड्यात नेटचे पन्नास टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के. म्हणजे तुमच्या दोनशेतले पहिल्या आठवड्यात पंच्याऐंशीच्या आसपास, दुसऱ्यात बहात्तर आणि चौथ्यात जेमतेम एक्कावन्न रुपये. मराठीत प्रत्येक सिनेमाचं बोलणं वेगवेगळं होतं, पण वाटणीची तऱ्हा हीच. त्यातून वितरकाचं कमिशन, जाहिरात आणि थिएटरला द्यायचा डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च गेला की मग निर्माता.

या सूत्राची एक बाजू कुणी बोलत नाही. जो सिनेमा हळूहळू तोंडी प्रसिद्धीवर चढतो, त्याला गर्दी येते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि नेमका तेव्हाच त्याचा वाटा सगळ्यात कमी असतो. मराठी सिनेमा तर बहुधा असाच चढतो. जाहिरातीला पैसा नसतो, एक बघून आला की चौघांना सांगतो. ‘सैराट’सारखा पहिल्याच दिवसापासून उसळलेला सिनेमा विरळा.

तरुणपणी मी एका वितरकाच्या कचेरीत कामाला होतो. तालुक्याच्या थिएटरात सिनेमाच्या रिळांची पेटी गेली की तिच्यामागे आमचा माणूस जायचा, त्याला ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणत. रोज रात्री शेवटचा खेळ सुटला की डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, भरायचा. लांबट छापील कागद. वर थिएटरचं नाव, डावीकडे बाल्कनी, अप्पर स्टॉल, लोअर स्टॉल. प्रत्येक वर्गासमोर सकाळी पुस्तकात पहिलं तिकीट कुठल्या नंबरचं होतं आणि रात्री कुठल्या नंबरवर थांबलं, ते लिहायचं. वजाबाकी केली की माणसं कळायची. रुपये त्यानंतरच्या रकान्यात. खाली मॅनेजरची सही आणि आमची. मला त्या कागदात माणसांचा रकाना आधी यायचा, हे अजून पटतं. आज कोटी छापतात, पण किती माणसांनी पाहिला ते कुणी छापत नाही. तिकीट पाच-सात रुपयांचं असताना भरलेलं थिएटर आणि तीनशेच्या तिकिटाला अर्धं भरलेलं थिएटर यांची तुलना रुपयांनी कशी करणार? तुमच्या घरचा वाद मिटवायचा असेल तर एवढंच सांगा : कोटींचा आकडा थिएटरात जमलेला असतो, आणि लोकप्रियता मोजायची तर तिकिटं मोजावी लागतात.

प्रश्न : माझ्या आईने ‘माहेरची साडी’ पुन्हा पुन्हा पाहिला. घरातली शिकलेली मंडळी तिला हसतात. असल्या सिनेमाला पुरस्कार द्यावा का, तुम्ही सांगा.
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. त्या गर्दीतल्या कितीतरी आया मी डोळ्यांनी पाहिल्यात.

दुपारचा खेळ खास महिलांसाठी लावावा लागायचा. सकाळपासून बाया टेम्पोतून, एसटीतून यायच्या, बरोबर भाकरी बांधलेली, कडेवर पोर. थिएटरच्या ओट्यावर बसून जेवायच्या आणि दार उघडलं की आत. मध्यंतरात बाहेर चहावाला मोकळा उभा, कारण कुणी जागेवरून उठत नसे. अलका कुबल यांच्या लक्ष्मीला सासरी जो जाच होतो, तो बघताना माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी पडद्याकडे बघून मोठ्याने बोलत होती, ‘अगं जा की माहेराला, जा की.’ कुणी तिला गप्प बसवलं नाही. त्या आवाजाला मी अभिनयाची पावती समजतो.

आता पुरस्कार. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मी त्याला मत दिलं नसतं. कथा ताणलेली आहे, खलपात्रं एकरंगी आहेत, आणि बाईने सोसत राहावं हा त्यातला सूर मला तेव्हाही खुपला. पण त्या मुख्य भूमिकेला मी मत दिलं असतं, बेधडक. पडद्यावरची सून आपलीच लेक आहे असं हजारो बायकांना वाटायला लावणं ही कला आहे, आणि ती कला शहरातल्या परीक्षकांनी त्या ओट्यावर बसून बघायला हवी होती. हसणाऱ्यांना सांगा, आधी दुपारच्या खेळाला जाऊन या.

लोकप्रिय सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत वेगळा विभाग आहेच : निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्तम लोकप्रिय चित्रपट. ‘तान्हाजी’, ‘आरआरआर’, ‘कांतारा’ यांना तो मिळालाय. पण इथेही तीच तारखांची गोम. ‘सैराट’मधल्या रिंकू राजगुरूच्या कामाची विशेष दखल परीक्षकांनी घेतली आणि ते मार्च २०१६ अखेरीस जाहीर झालं. सिनेमा लागला २९ एप्रिलला. परीक्षकांनी तो पाहिला तेव्हा महाराष्ट्रात एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं! तो पुढे शंभर कोटींपार जाणार, थिएटरात लोक उठून नाचणार, हे त्यांना कुठून कळावं? गर्दीची साथ नसताना त्यांनी अकलूजच्या एका शाळकरी मुलीचं काम ओळखलं, याचं मला अतोनात कौतुक आहे. मात्र ‘लोकप्रिय’ हा पुरस्कार तरी सिनेमा लोकांनी पाहिल्यावर द्यावा. प्रदर्शनानंतर वर्षभराने, विकलेल्या तिकिटांचा कागद समोर ठेवून. माझी ही मागणी जुनी आहे आणि मी ती सोडणार नाही.

प्रश्न : टीव्हीवरचे पुरस्कार सोहळे तुम्ही बघता का? ते खरे मानायचे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बघतो, नृत्यांसाठी आणि जुन्या कलावंतांच्या सत्कारासाठी. जीवनगौरव घ्यायला एखादी वयस्क नटी काठी टेकत येते आणि सगळं सभागृह उभं राहतं, ते मी चुकवत नाही. बाकी पुरस्कारांचं वजन मी एकाच गोष्टीवरून ठरवतो : परीक्षकांची नावं आधी जाहीर झाली होती का, आणि स्पर्धेत कुठकुठले सिनेमे होते ती यादी छापली होती का. दोन्ही असेल तर मानतो.

प्रश्न : २०२३च्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीने एवढी बाजी मारली. ‘आत्मपॅम्फ्लेट’ला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा, ‘नाळ २’ला बालचित्रपटाचा, नव्या ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. आमच्या गावात यातलं काही लागलंच नाही. आम्ही बघायचं कसं?
— एक शिक्षिका, कणकवली

उत्तर : बाई, तुमच्या हातात पुष्कळ आहे. जवळच्या थिएटरच्या व्यवस्थापकाला भेटा आणि सरळ विचारा, शनिवार सकाळचा एक खेळ लावायला किती तिकिटं हवीत. तो आकडा सांगतो. न सांगणारा मला अजून भेटला नाही. ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी ठिकठिकाणच्या महिला मंडळांनी गट करूनच तिकिटं काढली होती, नऊवारी नेसून गेल्या होत्या, आणि तो सिनेमा आठवडेच्या आठवडे हलला नाही. तुमच्याकडे तर अख्खी शाळा आहे. ‘नाळ २’ पाचवी ते सातवीच्या मुलांना दाखवा. श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि त्रिशा ठोसर या तिघांना त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. आपल्याएवढी मुलं दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतात, हे वर्गात आधी सांगा. ‘आत्मपॅम्फ्लेट’ मात्र नववी-दहावीसाठी ठेवा, त्यातलं जातीचं आणि पहिल्या प्रेमाचं त्यांना कळेल.

तिकिटांचे पैसे आधी गोळा करा आणि पावती घ्या. सिनेमा संपल्यावर पंधरा मिनिटं दिवे लावून बसायला मिळतील का, तेही आधीच विचारून ठेवा, म्हणजे मुलांना तिथेच बोलता येईल. आणि किती मुलं आली, ते मला जरूर कळवा.