मॅमोग्राफी परत करायची का? आधी जुन्या इमेज हातात घ्या

आईची तीन महिन्यांपूर्वी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) झाली, नवं हॉस्पिटल म्हणतंय पुन्हा करा, जुनं सेंटर सीडी द्यायला तयार नाही. वर थायरॉइडला किरण अडवणारी गळ्याची कॉलर मागावी का आणि २६ वर्षांच्या बहिणीचीही याच निमित्ताने करून घ्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. पोस्ट वाचताना मला माझंच जुनं भांडण आठवलं. मी डॉक्टर नाही, रेडिओलॉजीशी संबंध फक्त पेशंट म्हणून. तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

किरणांचं आधी उरकते. दोन्ही बाजूंचे दोन-दोन मिळून चार फोटो निघतात. एका फोटोला स्तनाच्या ग्रंथींना साधारण दीड ते दोन मिलिग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) डोस बसतो. अख्ख्या शरीराच्या हिशेबात चारही मिळून होतात ०.४ मिलिसीव्हर्टच्या आसपास. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट असेही मिळतात, म्हणजे हा झाला दोन महिन्यांचा वाटा. आईच्या वयाला एकदा परत करावी लागली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

पण 'काही होत नाही हो' म्हणून उगाच परत करायची, हेही मला पटत नाही. डोस कमी ठेवायचा तर मशीनच्या जाहिराती वाचण्यापेक्षा नको असलेला फोटो टाळणं जास्त उपयोगाचं, असं माझं ठाम मत आहे. आणि नको असलेले फोटो अनेकदा जुन्या इमेज न मिळाल्यामुळे निघतात.

माझंच सांगते. गाव बदललं, नव्या ठिकाणी मॅमोग्राफी झाली, एका बाजूला कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले. रेडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं, हे आधीपासून आहेत का? आधीची मॅमोग्राफी झाली होती, पण माझ्याकडे होता फक्त दोन ओळींचा 'नॉर्मल' असा रिपोर्ट आणि एका फिल्मवर चार फोटो कोंबलेली प्रिंट. जुन्या सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट दिलाय ना, इमेज सेंटरची असते." फार मागे लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी पाठवली. हे ठिपके अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या फोटोत ते दिसणार कसे? मॅनेजर जेवायला गेलेले, मग रजेवर, मग 'सर्व्हर डाउन'.

तुलनेला काहीच नाही, म्हणून त्या बाजूचे मोठे करून घेतलेले जादा फोटो काढावे लागले. रिपोर्टवर आलं बायरॅड्स ३ (मॅमोग्राफीच्या निष्कर्षाची ठरलेली श्रेणी). म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नाही, पण सहा महिन्यांनी परत या. ते सहा महिने कसे गेले ते इथे लिहीत नाही. अखेर लेखी अर्ज केल्यावर जुनी सीडी मिळाली. ठिपके तेव्हाही तिथेच होते, तसेच, तेवढेच. ती सीडी पहिल्या दिवशी मिळाली असती तर जादा फोटोही नको होते आणि ती धास्तीही. त्या मुलाचा मला राग नाही. त्याला 'देऊ नकोस' असं शिकवणाऱ्याचा आहे. पेशंट दुसरीकडे जाऊ नये म्हणून तिच्याच शरीराचे फोटो अडवून धरायचे, याला दुसरा शब्द माझ्याकडे आहे, पण इथे चालणार नाही.

तर तुम्ही काय करायचं? फोन बंद करा. साध्या कागदावर अर्ज लिहा: अमुक तारखेच्या मॅमोग्राफीच्या सर्व इमेज डायकॉम स्वरूपात (मशीनमधून निघालेल्या मूळ फाइल) हव्या आहेत. जेपीजी नको, प्रिंट नको. त्यात मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांतल्या १.३.२ चा उल्लेख करा. पेशंटने मागितलेलं रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं, असं त्यात आहे. आईची सही, सेंटरच्या शिक्क्यासह पोच. सीडीचे पैसे मागितले तर देऊन टाका, तिथे वाद घालू नका. रेकॉर्ड तीन वर्षं ठेवण्याचं बंधन त्या नियमांत भरती झालेल्या पेशंटपुरतं लिहिलंय, तरी तीन महिन्यांपूर्वीचं 'डिलीट झालं' म्हणाले तर तेही लेखी मागा. आमच्याकडे शिक्का मारून घेतल्यावर सर्व्हर लगेच चालू झाला होता.

सीडी आली की घरीच एखाद्या फुकट व्ह्यूअरमध्ये उघडून बघा, चारही फोटो आहेत ना. हेडरमध्ये (फाइलसोबतच्या माहितीत) दाब, जाडी आणि बहुतेक मशीनवर डोसही नोंदलेला असतो. 'ऑर्गन डोस' या ओळीतला आकडा डेसिग्रेमध्ये असतो. ०.०१७ दिसलं तर ते १.७ मिलिग्रे. उगाच घाबरू नका आणि उगाच खूशही होऊ नका. इमेज बघूनही नवे डॉक्टर परत करा म्हणाले (फोटो हलला असेल, कडेचा भाग सुटला असेल) तर मग करा. फक्त कारण विचारा. 'आमच्याकडे बाहेरचं चालत नाही' हे कारण नव्हे.

परत करायचीच झाली तर त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको. त्याचे कण फोटोत थेट कॅल्शियमसारखे दिसतात आणि पुन्हा फोटो. कुर्ता-सलवार किंवा साडी, वरचं तेवढं काढता येईल असं. दाबताना दुखतं, पण आईला सांगा की टेक्निशियनला 'कमी दाबा' म्हणू नका. जाडी कमी झाली की किरणही कमी लागतात आणि फोटो हलत नाही. थ्रीडी मॅमोग्राफी (वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेणारी) सुचवली तर एवढंच विचारा की टूडी वेगळी काढणार की थ्रीडीतूनच तयार करणार. दोन्ही वेगवेगळ्या काढल्या तर डोस जवळपास दुप्पट होतो. कॉलरचा हट्ट नको. थायरॉइडपर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात, उलट कॉलर मध्ये आली तर फोटो वाया.

कोणी मावशी 'मग नकोच ती मॅमोग्राफी' म्हणत असतील तर हे दाखवा. अमेरिकेत २०१६ साली आलेल्या एका गणितानुसार ४० ते ७४ वयात दरवर्षी मॅमोग्राफी केली तर एक लाख बायकांमागे किरणांमुळे १६ मृत्यू होतील आणि ९६८ टळतील. आपल्याकडे हा आजार तिथल्याहून कमी, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. आणि मावशींना खरोखर शून्य किरण हवे असतील तर प्रशिक्षित हातांनी तपासणी करून घ्या. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं हा अभ्यास केला. दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते.

बहिणीचं मात्र थांबवा. २६ व्या वर्षी, काही त्रास नसताना, 'पॅकेजमध्ये बसतंय' म्हणून मॅमोग्राफी करू नये. त्या वयात ऊती दाट असतात, फोटोत फारसं कळत नाही आणि किरणांचा धोका तरुण वयात जास्त. घरात आजी, मावशी, आत्या कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. बीआरसीए (या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय बदल) निघालाच तर पंचविशीत एमआरआय करतात, त्यात क्ष-किरण नसतात. गाठ हाताला लागत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वाट न बघता सर्जनकडे जा, ते बहुधा सोनोग्राफीपासून सुरुवात करतील.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर विपूत (माझ्या विचारपुशीत) निरोप टाका, माझा अजून आहे.