हेराक्लिटस 'विरुद्ध गोष्टी एकच' म्हणतो, म्हणजे गरम-थंड यांत फरकच नाही का? हे आपलं अद्वैतच झालं ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. या 'नाही'पायी एम.ए.च्या तोंडी परीक्षेत माझे गुण गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एफेसस शहरातल्या हेराक्लिटस या ग्रीक तत्त्वज्ञाचं (इ.स.पू. ५०० च्या आसपास) पुस्तक उरलेलं नाही, इतरांनी उद्धृत केलेली सुटी वचनं तेवढी उरली. माझा लघुप्रबंध त्यांतल्या एकावर होता. लोकांना कळत नाही, तो म्हणतो, की स्वतःशीच फटकून असलेलं स्वतःशी जुळतं कसं. ती उलट वळलेली 'हार्मोनिए' आहे, धनुष्याची आणि लायरची (तारांचं ग्रीक वाद्य) असते तशी. मी 'हार्मोनिए'ला 'सांधा' म्हटलं होतं. होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस तराफा बांधतो तेव्हा लाकडं जोडणाऱ्या सांध्यांना हाच शब्द आहे. परीक्षकांनी 'सांधा' खोडून वर 'सुसंवाद' लिहिलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी सगळं एकच. उपनिषदं वेगळं काय सांगतात?"

मी त्यांना आमच्या गल्लीत येणाऱ्या पिंजाऱ्याबद्दल सांगितलं. दिवाळीच्या आधी तो गाद्यांचा कापूस पिंजायला यायचा. खांद्यावर धनुकली. तात ओढून सोडली की टण्ण आवाज घुमायचा आणि ओटीभर कापूस उडायचा. एकदा पिंजता पिंजता तात तुटली. हातात नुसतं लाकूड राहिलं, खाली वेटोळं झालेली तात. त्याने नवी तात चढवली, थोडी ताणायची, अंगठ्याने छेडायची, कान द्यायचा, पुन्हा ताणायची. नाद लागेपर्यंत त्याने कापसाला हात लावला नाही. लाकूड आणि तात एकमेकांना ओढतात म्हणून ती धनुकली असते. ओढ संपली की दोन निरुपयोगी वस्तू उरतात, 'एक' काहीच उरत नाही. परीक्षक म्हणाले, "उदाहरण गोड आहे," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या 'गोड'चा मला आजही राग आहे.

आता तुमचं गरम-थंड. हेराक्लिटसच म्हणतो, थंड ते तापतं, गरम ते निवतं, ओलं सुकतं, सुकं भिजतं. फरकच नसता तर बदललं काय असतं? समुद्राचं पाणी माशांना जीवन आणि माणसांना घातक. पाणी एक, पण दोन्ही गुण खरे. चढाचा रस्ता आणि उताराचा रस्ता एकच, पण चढताना दम लागतोच. त्याच्या आधी मिलेटसच्या ॲनॅक्सिमँडरने म्हटलं होतं की गोष्टी एकमेकींवर अन्याय करतात आणि काळाच्या क्रमाने त्याची भरपाई देतात. हा अन्याय म्हणजे गरम-थंड, ओलं-सुकं यांची एकमेकांवरची कुरघोडी, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. हेराक्लिटस उलट म्हणतो, कलह हाच न्याय. या एका वाक्यात त्याचं सगळं वेगळेपण आहे, आणि 'सुसंवाद' म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं. म्हणून कुठल्याही ग्रीक शब्दासाठी आपल्याकडचा ओळखीचा, गुळगुळीत शब्द लगेच उचलू नका. आधी तो शब्द सुतार, खलाशी कशासाठी वापरत होते ते बघा.

हा शब्दखेळ नाही ना, अशी शंका तुम्हाला येत असेल तर ती जुनी आहे. एकच गोष्ट आहे आणि नाही असं कुणालाच खरोखर मानता येणार नाही, असं ॲरिस्टॉटल सांगतो आणि हेराक्लिटस तसं म्हणाला असं काहींना वाटतं, हेही नोंदवतो. विरोधाचे चार प्रकारही ॲरिस्टॉटलने वेगळे केले: दुप्पट-निम्मं, चांगलं-वाईट, दृष्टी-अंधत्व, होकार-नकार. तुमचं गरम-थंड दुसऱ्यात बसतं, तिथे मध्ये कोमट असू शकतं. चौथ्यात मधलं काही नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. 'माझं नव्हे, लोगोसचं ऐकून सगळं एक आहे हे मानणं शहाणपणाचं' (लोगोस म्हणजे साधारणपणे जगामागचा नियम) असं हेराक्लिटसचं वचन आहे, आणि ते परीक्षकांच्या बाजूने जातं. त्या दिवशी त्यांनी ते काढलं असतं तर मी अडखळले असते. आज मी विचारेन, ते 'एक' बनतं कशाने? आणि 'सांधा' तसाच ठेवेन.