‘फर्निचर्स’ चुकीचं का, आणि त्यात मटार कुठून आला

प्रश्न असा आलाय की कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानाच्या बोर्डावर ‘फर्निचर्स’ लिहिलंय ते बरोबर हाय का, आणि खुर्च्या-टेबलं धडधडीत मोजता येतात तर फर्निचर अनकाउंटेबल कसं काय.

बरोबर नाही. ‘इक्विपमेंट्स’ पण नाही, ‘अ‍ॅडव्हायसेस’ तर बिलकूल नाही, आणि हल्ली ऑफिसात जो तो ‘फीडबॅक्स’ मागतो ते ऐकून कान किटलेत. गंमत म्हणजे हाच माणूस घरी मराठीत ‘नवीन फर्निचर केलं’ असंच म्हणतो, ‘फर्निचरं केली’ कोण म्हणत नाही, पण इंग्रजी बोर्ड रंगवायला घेतला की शेवटी एक एस चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही.

शाळेत सांगतात, मोजता येतं ते काउंटेबल. हा नियम लई नुकसान करतो. इंग्रजीत गहू म्हणजे व्हीट एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी, मग ओटचा दाणा काय नारळाएवढा असतो का? फर्निचर हा शब्द फ्रेंच ‘फुर्नित्यूर’वरनं आला, अर्थ पुरवठा, पुरवणं. पुरवठ्याचे नग करत नाहीत, तसेच इंग्रजीत फर्निचरचे पण करत नाहीत, संपलं. आणि खुद्द फ्रेंच लोक खुर्ची-कपाटाला ‘मब्ल’ म्हणतात आणि खुशाल एक मब्ल, दोन मब्ल मोजतात. म्हणजे वस्तू तीच, भाषा बदलली की मोजणं बदललं. येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडितानं 1924 सालीच हे भेद शब्दांचे म्हणून मांडले होते, पण आमच्या गाइडवाल्यांपर्यंत अजून ते पोचायचंय.

आता खरी मजा मटारची. इंग्रजीत आज एक ‘पी’, अनेक ‘पीझ’. पण मुळात एकाला पण ‘पीझ’च म्हणायचे! लॅटिन ‘पिसुम’, त्याच्या मागं ग्रीक ‘पिसॉन’, म्हणजे तो स शब्दाच्या हाडातलाच होता. एक दाणा असो नाहीतर ढीग, पीझच. पुढं लोकांना वाटलं शेवटी स-झ ऐकू येतंय म्हणजे हे अनेकवचन असणार, आणि सतराव्या शतकात शेपूट छाटून ‘पी’ असा नवाच शब्द तयार केला. चेरीचं पण तेच, नॉर्मन फ्रेंच ‘चेरीझ’चं शेपूट तोडून. एका चुकीच्या ऐकण्यानं मटाराला नवं एकवचन मिळालं, आणि तांदळाच्या ‘राइस’च्या शेवटी पण स ऐकू येतो तरी त्याचा ‘राय’ कुणी केला नाही, नशीब एकेकाचं. आपण बरोबर उलटं करतो. एसटीत ‘एक लेडीज उभी आहे’, ‘एक शूज हरवला’. त्यांनी मुळातला स अनेकवचनाचा समजून कापला, आपण अनेकवचनाचा स मुळातला समजून ठेवला. याला मी चूक म्हणणार नाही, भाषेचा उद्योगच तो. (मग ‘फर्निचर्स’ला का म्हणतो? कारण तो बोर्ड इंग्रजीत हाय.)

काही जाणकार म्हणतात मराठीत हा भेदच नाही, इंग्रजीतल्या ‘मेनी’ आणि ‘मच’ दोन्हीला ‘किती’ म्हणून भागतं. साफ नामंजूर. आणि व्याकरणाची पुस्तकं लिटर-किलोत मोजलं की पदार्थवाचक नाम असं ठोकून देतात, ते तर त्याहून वाईट. तांदूळ किलोनंच घेतो की, तरी ‘तांदूळ निवडले’ म्हणतोच ना? माझं म्हणणं असं की मराठीत सगळं हातावर ठरतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातला धान्याचा व्यापारी म्हणतो ‘गहू आला, शेंगदाणा तेजीत’, तोच माल घरी सुपात पडला की ‘गहू निवडले, शेंगदाणे भाजले’. पोत्यात एकवचन, बोटांत अनेकवचन. कांदा महागतो, पण चिरतो कांदे. म्हणूनच आपण इंग्रजीत ‘ओनियन इज कॉस्टली’ म्हणून मोकळे होतो, जिथं त्यांना ओनियन्स पाहिजे असतात.

चुरमुरे अनेकवचनी, पण तेल-मसाला लावून भडंग झालं की एकवचनी. पाणी मोजत नाही म्हणतात, पण शेतकऱ्याला विचारा, उसाला दोन पाणी झाली म्हणून सांगेल. आणि सगळ्यात भारी आपला रवा! उप्पिटाचा रवा एकवचनी, मापानं घ्यायचा, आणि मार्केट यार्डात गुळाचे रवे निघतात, 30 किलोचा एकेक, ते नगावर मोजायचे. मूळ अर्थ कण, आणि माझ्या मते शब्द दोन्हीकडं एकच, कण वाढत वाढत 30 किलोचा झाला. कुणी म्हणेल हे ओढूनताणून आहे, म्हणू दे.

मोजता येतं ते काउंटेबल म्हणणाऱ्यांनी आता एवढंच सांगावं, ज्वारी म्हटलं की एकवचन आणि जोंधळे म्हटलं की अनेकवचन, पोतं तर तेच हाय, मग मोजायला सोपं कुठलं?